लॅपटॉप मध्येच रीस्टार्ट होतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत ही तक्रार दोन हंगामांत जास्त येते, एप्रिल-मेच्या उकाड्यात आणि जुलैच्या दमट दिवसांत. खालची उत्तरं विंडोजच्या लॅपटॉपना धरून लिहिली आहेत. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी अगदी शेवटी थोडं आहे. सेटिंगची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात, ती इथं उच्चाराप्रमाणे मराठी लिपीत दिली आहेत.

लॅपटॉप आपोआप बंद होऊन परत चालू होतोय. सगळ्यात आधी काय करू?

आधी फाइली वाचवा. मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट असो, सोसायटीचे हिशेब असोत की लग्नाचे फोटो, जे गमावून चालणार नाही ते आजच बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा. लॅपटॉप अधूनमधून का होईना चालतोय, तोवरच हे सोपं आहे.

मग एक कागद घ्या. बंद पडला की दर वेळी चार गोष्टी लिहून ठेवा: किती वाजले होते, चार्जर लावलेला होता का, काय चालू होतं, पंखा जोरात फिरत होता का. थोड्या नोंदी जमल्या की त्यातून काहीतरी सूत्र दिसायला लागतं. 'कधीही बंद पडतो' असं सांगणारं गिऱ्हाईक दुकानात रोज येतं. 'चार्जर काढला की थोड्याच वेळात पडतो' असं सांगणारं आलं, तर दुरुस्तीवाल्याचा वेळ वाचतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे.

फॉरमॅटची, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकण्याची, घाई करू नका. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

बंद पडताना नेमकं काय बघायचं?

तीन तऱ्हा असतात आणि तिन्हींची कारणं वेगळी.

पहिली, सांगून बंद होणं. पडद्यावर गोल फिरतं, अपडेट चालू असल्याचा मजकूर येतो आणि लॅपटॉप शिस्तीत बंद होतो. यात बिघाड काही नाही, विंडोजला तसं करायला कुणीतरी सांगितलेलं असतं. बहुतेक वेळा अपडेटनेच.

दुसरी, निळा पडदा. रडका चेहरा, टक्केवारी आणि खाली एक कोड. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा केला आहे, त्यामुळे 'निळा नाही, काळा आला' म्हणून वेगळं काही समजू नका. इथं विंडोजला चूक कळली आणि तिने स्वतःहून थांबायचं ठरवलं. कारण बहुधा ड्रायव्हर (वाय-फाय, साउंड असे भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर), रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) किंवा डिस्क.

तिसरी, एकदम अंधार. काही मजकूर नाही, आवाज नाही, पंखा आणि दिवा एकाच क्षणी गेले. इथं विंडोजला काही कळायच्या आत वीज तुटली. उष्णता, बॅटरी, अडॅप्टर, चार्जिंगची पिन किंवा मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड), यांच्याकडे बघायचं. या तऱ्हेत फॉरमॅट मारून काहीही होणार नाही, तरी सगळ्यात जास्त फॉरमॅट याच लॅपटॉपवर मारले जातात.

तिसऱ्या तऱ्हेत आणखी एक गोष्ट बघा. बंद पडल्यावर लगेच चालू केला तर चालतो का? दहा-पंधरा मिनिटं थंड झाल्यावरच नीट चालत असेल, लगेच चालू केल्यावर पुन्हा पडत असेल, तर आधी उष्णतेचा संशय घ्या.

निळा पडदा इतक्या झटकन जातो की कोड वाचताच येत नाही. काय करायचं?

विंडोजला आपोआप रीस्टार्ट व्हायची सवय लावलेली असते, ती मोडा. स्टार्टमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या खालचं 'सेटिंग्ज' बटण दाबा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढून टाका. आता पुढच्या वेळी पडदा जागेवर थांबेल. मोबाइलने फोटो काढा आणि पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा.

हे करूनही पडदा न दिसता लॅपटॉप थेट बंद पडला, तर तुमचं प्रकरण बहुधा तिसऱ्या तऱ्हेचं आहे. ही खूण काढणं म्हणजे एक फुकटातली तपासणीच झाली.

लॅपटॉप स्वतः कुठे नोंद ठेवतो का?

ठेवतो. सोपी जागा म्हणजे 'रिलायबिलिटी मॉनिटर'. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं. तारखांचा तक्ता उघडतो, गडबडीच्या दिवसाखाली लाल फुली असते. फुल्या कधीपासून सुरू झाल्या आणि त्याच्या आदल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं, एवढं बघितलं तरी पुष्कळदा चोर सापडतो.

जास्त खोलात जायचं असेल तर 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टिम'मध्ये जा. तिथं 'कर्नल-पॉवर ४१' दिसला की लोक घाबरून त्यावर तासन्‌तास शोधत बसतात. त्या ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे. कामाची गोष्ट त्याच्या 'डिटेल्स'मध्ये आहे. तिथं 'बगचेककोड' शून्य असेल, तर बहुधा वीज किंवा उष्णता. (लॅपटॉप अडकला म्हणून तुम्हीच बटण दाबून बंद केला असेल, तरीही शून्यच येतं, हे लक्षात ठेवा.) शून्य नसेल तर निळ्या पडद्याचा कोड तिथं दशमान आकड्यात नोंदलेला असतो. उदाहरणार्थ १५९ दिसलं, तर ते पडद्यावरचं ९एफ.

१०७४ क्रमांकाची नोंद मला सगळ्यात आवडते, कारण रीस्टार्ट कुणी मागवला त्याचं नाव ती सांगते. 'विंडोज अपडेट' की एखादं इन्स्टॉलर, सगळं तिथं लिहिलेलं असतं. १००१ ही निळ्या पडद्याची नोंद, आणि ६००८ म्हणजे आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं.

रात्री काम तसंच उघडं ठेवून झोपलो, सकाळी बघतो तर सगळं बंद. हे दर महिन्याला होतं.

मायक्रोसॉफ्टचे मोठे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वेळेनुसार सकाळी १० वाजता सुटतात. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते, साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणून बुधवार-गुरुवारची सकाळ ही अशा तक्रारींची खास वेळ.

'विंडोज अपडेट'च्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' आहेत. ते हाताने ठरवा. जास्तीत जास्त १८ तासांचा पट्टा देता येतो, त्या वेळात विंडोज आपणहून रीस्टार्ट करत नाही. परीक्षा किंवा मोठी डेडलाइन असेल तर अपडेट काही आठवडे 'पॉज' करता येतात. अपडेटची सेवाच कायमची बंद करून देणारी छोटी सॉफ्टवेअर मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. त्यावर अजून असाल तर अपडेटपेक्षा अपडेट न येण्याची काळजी जास्त करा.

तापल्यामुळे बंद पडतोय हे कसं ओळखू?

प्रोसेसर (लॅपटॉपची मुख्य चिप) साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला वीज तोडतो. म्हणजे उष्णतेने पडणारा लॅपटॉप पडण्याआधी बहुतेकदा सूचना देतो. पंखा घोंगावतो, बिजागरीजवळचा भाग हात लावू देत नाही, माउस अडखळायला लागतो, आणि मग अंधार. व्हिडिओ कॉल, गेम, व्हिडिओ एडिटिंग अशा वेळी पडतो. नुसतं मेल वाचताना सहसा पडत नाही.

मुंबईत याला तीन गोष्टींची साथ मिळते. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत हवाच मुळी ३३-३४ अंशांची असते. रस्त्यावरची आणि बांधकामांची धूळ आहेच. आणि तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे फोडणी. वन रूम किचनमध्ये ओट्यापासून चार हातांवर लॅपटॉप चालतो, तेलाची वाफ पंख्याच्या पात्यांवर बसते, त्यावर धूळ चिकटते आणि मग ती फुंकरीने निघत नाही.

बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, यात फसू नका. खालचं झाकण काढून पंखा उचलला, की त्याच्या आणि तांब्याच्या नळीच्या टोकाला असलेल्या बारीक पत्र्यांच्या मधल्या फटीत करड्या रंगाची पट्टी दिसते, घोंगडीच्या तुकड्यासारखी. चिमट्याने धरली तर ती अखंड निघते. पंखा नवा असतो, थर्मल पेस्टही (चिपची उष्णता तांब्याच्या नळीकडे नेणारा लेप) बरी असते, फक्त गरम हवेला बाहेर पडायला वाटच उरलेली नसते. अशा लॅपटॉपखाली कूलिंग पॅड ठेवून काही होत नाही. आधी ती पट्टी काढा.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. 'पॉवर ऑप्शन्स'च्या 'ॲडव्हान्स्ड' भागात 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के करा. एक टक्काच दिसतो, पण त्याने बहुतेक प्रोसेसरचा टर्बो (गरजेला जास्त वेगाने धावणं) बंद होतो आणि तापमान बरंच उतरतं. नव्या काही लॅपटॉपवर हे सेटिंग लपवलेलं असतं. ते केल्यावर बंद पडणं थांबलं, तर दोष उष्णतेचा किंवा विजेच्या पुरवठ्याचा आहे हे जवळपास पक्कं. तापमानाचा आकडाच हवा असेल तर 'एचडब्ल्यूइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर तो दाखवतं.

साफसफाई स्वतः करणार असाल तर लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, आणि उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर सुटा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या नळीपाशी स्थिर वीज तयार होते. थर्मल पेस्ट तीन-चार वर्षं जुनी असेल तर त्याच बैठकीत बदलून घ्या. आणि गादीवर, उशीवर ठेवून वापरणं सोडा. बहुतेक लॅपटॉप हवा खालून घेतात.

रोज लोकलने लॅपटॉप नेतो. त्याचा काही संबंध?

आहे, आणि दोन तऱ्हांनी. झाकण लावलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं बहुतेकांना वाटतं. नवे लॅपटॉप झाकण लावल्यावर पूर्ण झोपत नाहीत, मोबाइलसारखे अर्धवट जागे राहतात, मेल बघतात, कधी अपडेटही उतरवतात. विरार फास्टमध्ये छातीशी धरलेल्या बॅगेत हे चालू राहिलं तर उष्णतेला जायला जागा नाही. ऑफिसात बॅग उघडली की लॅपटॉप गरम, बॅटरी अर्धी आणि उघडलेलं काम गायब. 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये झाकण लावल्यावर 'हायबरनेट' व्हावं असं ठरवा. हायबरनेट यादीत दिसत नसेल तर 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' या पानावर ते चालू करता येतं.

दुसरं म्हणजे दाब. गर्दीत बॅग दोन्ही बाजूंनी दाबली जाते, धक्के बसतात आणि रॅमची पट्टी किंवा एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) खाचेत किंचित सैल होते. उचलला, तिरका केला, की-बोर्डच्या एका कोपऱ्यावर मनगट टेकवलं की रीस्टार्ट होत असेल, तर सॉफ्टवेअर विसरा आणि आत काय सैल झालंय ते बघायला सांगा. चार्जर बॅगेत टाकताना त्याची पिन लॅपटॉपलाच लावून ठेवणाऱ्यांचा जॅक लवकर जातो.

फक्त बॅटरीवर असताना बंद पडतो. चार्जरवर ठीक चालतो.

बॅटरी थकली आहे. थकलेली बॅटरी आकडा चाळीस टक्के दाखवते, पण जोराचं काम आलं की तिचं व्होल्टेज एकदम खाली येतं आणि लॅपटॉप अंधारात जातो.

पुरावा हवा असेल तर 'कमांड प्रॉम्प्ट'मध्ये 'पॉवरसीएफजी'ला 'बॅटरीरिपोर्ट' ही आज्ञा जोडून चालवा. एक फाइल तयार होते. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नवी बॅटरी घ्यायची वेळ झाली.

आणि उलट, चार्जर लावल्यावरच बंद पडत असेल तर?

अडॅप्टरवरचे वॉट बघा. मूळचा ६५ वॉटचा हरवला आणि घरातला ४५ वॉटचा टाइप-सी लावला, तर साध्या कामात चालेल, पण जोर आला की कमी पडेल. बॅटरी चांगली असेल तर ती वरची गरज भागवते. तीही थकलेली असेल तर लॅपटॉप पडतो. जॅक हलवून बघा, पिन जरा दाबल्यावर चार्जिंगचा दिवा लुकलुकत असेल तर जॅक सैल आहे. स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड वगळून अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. हे सगळं एका संध्याकाळचं काम आहे आणि त्याला खर्च शून्य.

लाईट गेली की लॅपटॉपही जातो. व्होल्टेजमुळे होतं का?

लॅपटॉपला बॅटरी असते ती याचसाठी. लाईट जाताच तो गेला याचा अर्थ बॅटरी नावापुरती उरली आहे.

तसं मुंबईला विजेचं सुख बरंच आहे. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून सगळी मुंबई अंधारात गेली, ते लोकांच्या अजून लक्षात आहे, कारण असं इथं क्वचितच होतं. त्रास असतो तो बहुतेकदा इमारतीच्या आतला: जुन्या चाळीतलं वायरिंग, सैल सॉकेट, एकाच पॉइंटवर फ्रिज, इस्त्री आणि लॅपटॉप. लॅपटॉपचा अडॅप्टर सहसा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे लॅपटॉपसाठी वेगळा स्टॅबिलायझर घेण्याची गरज नाही. प्लग लावताना ठिणगी उडत असेल किंवा धातूच्या बॉडीला झिणझिण्या येत असतील, तर मात्र इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही. बॅटरी फुगली असेल का? थोडे दिवस चालेल?

फुगली आहे, आणि एक दिवसही चालणार नाही. चार्जर काढा, बंद करा, दाबू नका, टोचू नका. बॅटरी दुकानातून काढून घ्या आणि ती ई-कचऱ्यात द्या. घराच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेली लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते.

रॅम खराब आहे का, हे घरी तपासता येतं?

येतं. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा आणि रीस्टार्ट करून चाचणी होऊ द्या. ती वरवरची आहे. पक्कं उत्तर हवं असेल तर 'मेमटेस्ट ८६' पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवा. त्यात एक जरी चूक आली तरी ती पट्टी बाद समजा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. नवी रॅम टाकल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर फार डोकं लढवू नका, ती काढून बघा.

पावसाळ्यात पट्टीच्या सोनेरी टोकांवर दमट हवेने थर बसतो. दुकानात ती साध्या खोडरबरने हलकेच पुसून परत लावतात, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. रबराचा चुरा खाचेत पडू देऊ नका. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच जोडलेली असते, तिथं हा उपाय नाही.

कोडवरून काही कळतं का?

थोडं कळतं. 'मेमरी मॅनेजमेंट' सारखा येत असेल तर रॅम. 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' म्हणजे हार्डवेअरनेच तक्रार केली: उष्णता, वीज किंवा प्रोसेसर. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' ग्राफिक्सचा. 'ड्रायव्हर आयआरक्यूएल' असं काही असेल तर ड्रायव्हर, आणि बऱ्याचदा खाली त्या फाइलचं नावही असतं. ते नाव शोधलं की वाय-फायचा की साउंडचा ते समजतं. मग 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. दर वेळी कोड वेगळाच येत असेल, तर एकेका ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी रॅम तपासा.

एका सदोष फाइलने काय होऊ शकतं ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर आणली आणि आपल्या देशातही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या मशीनच्या हार्डवेअरमध्ये काहीही बिघडलं नव्हतं.

दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून घ्या. मारू का?

विचारा, कशावरून? निळ्या पडद्याचा कोड विंडोजच्या फाइलींकडे बोट दाखवत असेल, ड्रायव्हर बदलून झाले असतील, रॅम आणि डिस्क तपासून झाली असेल, तर फॉरमॅटला अर्थ आहे. नाहीतर ती फक्त दुकानदाराला सर्वांत सोपी पडणारी गोष्ट आहे. दोन दिवस लॅपटॉप बरा चालतो, कारण नव्या विंडोजवर अजून जड काम सुरू झालेलं नसतं. आणि मग परत तेच.

फॉरमॅटआधी ही चाचणी करा. लॅपटॉप चालू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगच्या) पानावर जा आणि अर्धा तास तसाच ठेवा. तिथं विंडोज सुरूच झालेली नसते. त्या पानावरही लॅपटॉप बंद पडला तर विंडोज निर्दोष आहे आणि फॉरमॅटचे पैसे वाचले. तिथं टिकला तर मात्र हार्डवेअर निर्दोष सुटलं असं नाही, कारण त्या पानावर त्याला कामच नसतं.

मधला मार्गही आहे. 'कमांड प्रॉम्प्ट' ॲडमिन म्हणून उघडून 'एसएफसी स्कॅननाऊ' चालवलं तर विंडोज स्वतःच्या खराब झालेल्या फाइली दुरुस्त करते. एसएसडीची तब्येत 'क्रिस्टलडिस्कइन्फो'मध्ये दिसते. 'गुड'ऐवजी 'कॉशन' दिसलं तर आधी बॅकअप, मग बाकी सगळं.

आणि फॉरमॅट करा, बायोस अपडेट करा की लॅपटॉप दुकानात द्या, त्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी घ्या. अनेक नव्या लॅपटॉपवर बिटलॉकरचं कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असतं. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही आतले फोटो कुणालाच काढता येत नाहीत, मग दुकानदार कितीही हुशार असो.

डेस्कटॉपपर्यंत पोचतच नाही. लोगो येतो, रीस्टार्ट, परत लोगो.

पेनड्राइव्ह, माउसचा डोंगल, प्रिंटर, सगळं काढा. तरीही होत असेल तर लोगो आल्यावर बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज आपणहून दुरुस्तीच्या पानावर जाते. तिथं 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. आधी 'अनइन्स्टॉल अपडेट्स', मग 'सिस्टिम रिस्टोर', आणि तेही नाही चाललं तर 'सेफ मोड'. सेफ मोडमध्ये टिकत असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा एखाद्या सॉफ्टवेअरचा.

व्हायरस असेल का?

आता सहसा नाही. २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाच्या व्हायरसने ६० सेकंदांची उलटी गणती दाखवून जगभरचे कॉम्प्युटर रीस्टार्ट केले, तेव्हापासून ही शंका लोकांच्या मनात घर करून आहे. आजच्या व्हायरसला तुमचा लॅपटॉप चालू राहिलेलाच हवा असतो. 'विंडोज डिफेंडर'चा पूर्ण स्कॅन एकदा करा आणि पुढे चला.

पावसात बॅग भिजली होती. तेव्हा चालला, आता आठवड्याने रीस्टार्ट होतोय.

पाणी सुकतं, पण त्यातले क्षार बोर्डवर राहतात आणि दमट हवेत हळूहळू गंज धरतात. म्हणून त्रास उशिरा सुरू होतो. तांदळाच्या डब्यात ठेवून क्षार निघत नाहीत. लॅपटॉप उघडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावा लागतो, आणि तो जितका लवकर होईल तितका बरा. तोवर चार्जर लावू नका. चहा सांडला असेल तर साखरेमुळे याहून वाईट.

ऑफिसचा लॅपटॉप आहे.

उघडू नका, फॉरमॅट तर नाहीच. कागदावरच्या नोंदी आणि पडद्याचा फोटो आयटीवाल्यांना पाठवा.

दुकानात देताना काय काळजी घ्यायची?

वॉरंटी असेल तर आधी कंपनीचं सेंटर. नसेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आहेच. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतात. तिथं चिप लेव्हलचं (बोर्डवरचे बारीक भाग दुरुस्त करण्याचं) उत्तम काम करणारी माणसं आहेत आणि जुनी रॅम नव्या खोक्यात घालून विकणारीही आहेत. सुटा भाग घ्याल तेव्हा सिरीयल नंबर लिहिलेलं बिल घ्या. दुरुस्तीत भाग बदलला तर जुना भाग परत मागा. मागणाऱ्याच्या लॅपटॉपमधले भाग उगाच बदलले जात नाहीत.

खर्चाचा अंदाज काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. 'बोर्डला हीट गन मारून देतो' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे लॅपटॉप उचला. त्याने चिपचे सुटलेले सांधे काही आठवडे धरतात आणि मग बोर्ड कायमचा जातो. शक्य असेल तर एसएसडी काढून घरी ठेवा, किंवा वेगळं गेस्ट खातं करून द्या. बँकेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असतील तर आधी काढा.

बिल असूनही कुणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

माझा मॅक आहे. किंवा लिनक्स.

मॅक पडला की पुन्हा चालू झाल्यावर 'समस्येमुळे कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला' असा निरोप येतो. त्यातला 'रिपोर्ट' उघडून वाचा, कारणीभूत ठरलेल्या भागाचं नाव पुष्कळदा तिथं सापडतं. इंटेलच्या मॅकवर चालू होताना 'डी' दाबून धरलं की ॲपलची हार्डवेअर चाचणी सुरू होते. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर आधी पॉवरचं बटण पर्याय दिसेपर्यंत दाबून धरा, मग 'कमांड' आणि 'डी'. एसएमसी (मॅकमधली वीज आणि पंखे सांभाळणारी चिप) रीसेट करण्याचा सल्ला जुन्या इंटेल मॅकपुरताच आहे.

लिनक्सवर 'जर्नलसीटीएल'ला मागच्या बूटचा पर्याय देऊन नोंदी उघडा आणि शेवटच्या ओळी बघा. तिथं तापमानाचा इशारा किंवा 'मशीन चेक' दिसलं तर हार्डवेअर. नोंदी काही न सांगता मध्येच तुटल्या असतील, तर वरची उष्णता, बॅटरी आणि चार्जरची उत्तरं जशीच्या तशी लागू.